ऐकणाऱ्यांचा इतिहास

डहाणू रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरलं, की महामार्गाकडे जाणारा रस्ता लागतो. मागे समुद्र, खाडी, चिकूच्या वाड्या आणि जुनी बाजारपेठ राहते. थोडं पुढं गेलं, की वाड्या विरळ होतात, भातशेतं सुरू होतात आणि लांबवर डोंगरांची रेघ दिसू लागते. या वाटेवर आशागड हे गाव आहे. नावात गड असला, तरी मी तुम्हाला आज गडाची गोष्ट सांगणार नाही. सांगायची आहे ती या गावात झालेल्या माझ्या फजितीची, आणि त्या फजितीतून मला जे कळलं त्याची.

काही वर्षांपूर्वी तिथल्या एका शिक्षक मित्रानं मला व्याख्यानाला बोलावलं होतं. विषय मीच दिला होता, ‘डहाणूची दोन हजार वर्षं’. शाळेच्या वर्गात कार्यक्रम. पुढं पाहुण्यांसाठी खुर्च्या, मध्ये विद्यार्थी, आणि मागं दाराजवळ जवळच्या पाड्यांवरून आलेली वारली मंडळी. दीपप्रज्वलन झालं, शाल-श्रीफळ झालं, माझ्या पुस्तकाची एक प्रत शाळेच्या वाचनालयाला दिली गेली. मी तासभर बोललो. शिलालेख, ताम्रपट, बखर, पोर्तुगीज, मराठे, सगळं सांगितलं. टाळ्याही मिळाल्या.

आभार मानून झाले, तेव्हा मागचे एक म्हातारबाबा उठले. आपल्या बोलीत त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. त्याचा मतलब असा, की एवढ्या सगळ्या राजांची नावं सांगितलीत, पण त्या वेळी आमची माणसं कुठं होती?

मला उत्तर देता आलं नाही. ‘पुराव्यात फारसा उल्लेख नाही’ असं काहीतरी मी पुटपुटलो. म्हातारबाबांनी मान हलवली आणि ते खाली बसले. परतीच्या गाडीत मात्र तो प्रश्न माझ्या शेजारी बसून होता.

आपल्याकडं व्याख्यानांची परंपरा मोठी. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ मध्ये. पुढं गावोगावच्या वाचनालयांनी हा परिपाठ उचलला. लेखक येतात, बोलतात, लोक ऐकतात, स्वाक्षऱ्या घेतात. स्थानिक इतिहासावरची भाषणं तर आता किनाऱ्यावरच्या लहान गावांतही होतात. चांगली गोष्ट आहे. पण इतिहास कुणी सांगायचा, कुणाला सांगायचा आणि ऐकणाऱ्यानं फक्त ऐकायचं का, हे प्रश्न आपण क्वचितच विचारतो. डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत या प्रश्नांना मोठा इतिहास आहे. तोच आज थोडक्यात मांडतो.

डहाणूचा फार जुना उल्लेख सापडतो तो डहाणूत नाही, नाशिकला. पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाचं लेणं आहे. क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात यानं तिथं आपल्या दानधर्माची यादी कोरून ठेवली आहे. काळ साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. त्या यादीत गाई आहेत, गावं आहेत, सोनं आहे. आणि एक लहानशी नोंद आहे. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहानुका या नद्यांवर त्यानं लोकांना फुकट पलीकडे नेणाऱ्या नावा ठेवल्या. ही दाहानुका म्हणजे आपली डहाणूची नदी. पुराणातल्या कथा सोडल्या, तर डहाणूचं नाव आपल्याला प्रथम भेटतं ते एका तरीच्या संदर्भात. मला ही गोष्ट फार आवडते.

आता आठशे वर्षं पुढं येऊ. डहाणू तालुक्यात, किनाऱ्यावर, चिंचणी हे गाव आहे. तिथं १९५५ मध्ये काही ताम्रपट सापडले. त्यातला एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा, शके ८४८, म्हणजे इसवी सन ९२६ चा. त्या वेळी संजाण प्रांताचा कारभार पाहत होता एक अरब अधिकारी. ताम्रपटात त्याचं कुळ ‘ताजिक’ असं सांगितलं आहे आणि नाव दिलं आहे मधुमती. अभ्यासकांच्या मते हे मुहम्मद या नावाचं संस्कृत रूप. या मधुमतीच्या संमतीनं देवीच्या एका मठिकेला जमीन दिली गेली, त्याची ही नोंद. अरब अधिकारी, त्याच्या वरचा राष्ट्रकूट राजा, आणि दान देवीच्या मठिकेला. हजार वर्षांपूर्वीचा आपला किनारा असा होता.

याच ताम्रपटात मधुमतीच्या सत्कृत्यांची यादी आहे, आणि तिच्यातही नाव आहेच. त्यानं दोन ओढ्यांवर फुकट तरी सुरू केल्या आणि एक अन्नछत्र घातलं. तिथं साळीचा भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळे. आठशे वर्षांच्या अंतरानं दोन कारभारी, दोघंही परमुलखातून आलेल्या घराण्यांतले, आणि दोघांच्याही पुण्याच्या यादीत इथल्या पाण्यावरची फुकट नाव. खाड्या आणि नद्यांनी चिरलेल्या या मुलखात माणसाला पलीकडे जाणं केवढं अवघड होतं, ते यावरून कळतं.

पण दगडावर आणि तांब्यावर लिहिणारा माणूस गावाशी बोलत नसतो. तो पुढच्या राजांशी बोलत असतो, की बाबांनो, मी हे दिलं आहे, तुम्ही काढून घेऊ नका. मजकूर संस्कृत-प्राकृतात. नावेत बसून पलीकडे जाणाऱ्या माणसाला आपल्या नावेबद्दल कुठंतरी काही कोरलं आहे, याचा पत्ताही नसणार.

गावातल्या माणसांना समोर बसवून त्यांचा इतिहास सांगितला गेला, याची नोंद उत्तर कोकणात पुढं पाचशे वर्षांनी मिळते. ती आहे ‘महिकावतीच्या बखरी’त. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ही बखर संपादून १९२४ मध्ये प्रसिद्ध केली आणि तिला विस्तृत प्रस्तावना जोडली. दमणपासून मुंबईपर्यंतच्या किनारपट्टीची, बिंब राजांची, त्यांच्याबरोबर आलेल्या घराण्यांची हकिकत तिच्यात आहे. बखर एका हातची नाही. वेगवेगळ्या काळी तिच्यात प्रकरणं जोडली गेली. त्यातला जुना भाग केशवाचार्यानं शके १३७० मध्ये, म्हणजे इसवी सन १४४८ मध्ये रचला.

तो रचला कशासाठी? बखरीत येते ती हकिकत अशी. मुलूख परक्या सत्तेखाली गेला होता. लोक आपली कुळं, आपले आचार विसरत चालले होते. तेव्हा नायकोराव नावाच्या देसल्याला देवीनं स्वप्नात दृष्टांत दिला, की केशवाचार्याकडे जा, लोकांना एकत्र कर आणि त्यांना त्यांचा पूर्वापार वृत्तांत ऐकव. त्याप्रमाणं लोक जमवले गेले आणि केशवाचार्यानं त्यांच्यापुढं वंश, गोत्रं, कुलदेवता यांची माहिती सांगितली. ‘महाराष्ट्रधर्म’ हा शब्द आपण समर्थ रामदासांच्या नावाशी जोडतो. तो त्यांच्या आधी सुमारे दोनशे वर्षं या बखरीत आला आहे.

बखरीतली प्रत्येक साल आणि प्रत्येक आकडा इतिहासकार मान्य करत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण त्या सभेकडे जरा पाहा. आजच्या भाषेत सांगायचं, तर आपल्या किनाऱ्यावर झालेलं हे स्थानिक इतिहासावरचं व्याख्यानच म्हणायला हवं. आयोजक नायकोराव, वक्ते केशवाचार्य, श्रोते गावोगावचे लोक. ज्यांचा इतिहास सांगायचा, तीच माणसं समोर बसलेली. सांगण्याला निकड होती, कारण न सांगितलं तर विसरलं जाणार होतं.

तरीही आशागडच्या म्हातारबाबांचा प्रश्न इथंही उरतोच. त्या सभेत वंशावळी सांगितल्या गेल्या त्या वतन असलेल्यांच्या, गोत्र असलेल्यांच्या. डोंगराकडचा वारली त्या सभेत नव्हता. असलाच तर फार मागं, दाराजवळ.

मग वारल्यांचा इतिहास कुठं होता? होता, पण वेगळ्या ठिकाणी ठेवलेला. धान्याची देवता कणसरी. तिची कथा भगत घांगळीच्या सुरावर रात्र रात्र गातो. लग्नात धवलेरी गाणी म्हणते, तिच्याशिवाय लग्न लागत नाही, आणि सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात. लक्षात घ्या, वारली माणसं चौक ‘काढला’ म्हणत नाहीत, ‘लिहिला’ म्हणतात. ज्याला आपण निरक्षर म्हटलं, तो समाज भिंतीवर लिहीत होता. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी हीच रेषा कागदावर आणि कापडावर आणली, ती जगभर गेली, आणि २०११ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. २०१८ मध्ये ते गेले.

बाहेरच्यांनी मात्र वारल्यांबद्दल लिहिलं, वारल्यांसाठी नाही. ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर १८८२ मध्ये निघालं. त्यात त्यांच्या चालीरीतींची वर्णनं आहेत. १९३८ च्या सुमारास सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्यानं मुंबई सरकारला आदिवासी भागांबद्दल अहवाल दिला. वेठ कशी घेतली जाते, जमीनदार काय करतात, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. खं. ज. सावे यांनी आदिवासींसाठी नेमलेले सरकारी अधिकारी म्हणून या भागात काम केलं आणि वारल्यांवर आख्खं पुस्तक लिहिलं. ते १९४५ मध्ये प्रसिद्ध झालं. हे सगळं इंग्रजीत. ज्यांच्याबद्दल लिहिलं, त्यांच्यापर्यंत त्यातला एक शब्दही पोचण्याची शक्यता नव्हती.

त्याच १९४५ साली या मुलखात माणसं एकमेकांना आपली हकिकत मोठ्यानं सांगू लागली.

त्या वर्षी जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन भरलं. उंबरगाव तालुक्यातून काही वारली तिथं गेले होते. त्यांच्यातला माह्या धांगडा व्यासपीठावर बोलायला उभा राहिला. सभेत बोलण्याची सवय नाही, भाषा आपल्या पाड्याची. पण जमीनदाराकडची वेठ म्हणजे काय, हे पाहिलेला माणूस बोलत होता. ऐकणाऱ्यांत गोदावरी परुळेकर होत्या.

गोदावरीबाई मूळच्या पुण्याच्या गोखले. जन्म १९०७ चा. कायद्याची पदवी घेतलेल्या, भारत सेवक समाजात काम केलेल्या, मुंबईत प्रौढ साक्षरतेचे वर्ग चालवलेल्या. व्याख्यानं देणाऱ्यांच्या जगातल्याच त्या. पण टिटवाळ्यानंतर त्या आणि शामराव परुळेकर डहाणू-उंबरगावच्या जंगलात आले, ते भाषणं देत सुटले नाहीत. पाड्यापाड्यांवर गेले, झोपड्यांत राहिले, जे मिळेल ते खाल्लं आणि आधी ऐकलं. वेठ ऐकली. लग्नगड्यांची हकिकत ऐकली. लग्नासाठी काही रुपये कर्ज काढायचं आणि त्यापायी नवराबायकोनं वर्षानुवर्षं सावकाराच्या दारात राबायचं, याला लग्नगडी म्हणत. कर्ज फिटत नसे, माणूस संपत असे.

मग २३ मे १९४५ रोजी झरी या गावी परिषद भरली. झरी आज तलासरी तालुक्यात आहे. सुमारे ५,००० वारली तिथं जमले. ठराव झाले ते कुणालाही तोंडपाठ होतील असे. वेठ करायची नाही. रोजचे बारा आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या कामावर जायचं नाही. सगळ्यांनी मिळून राहायचं. कागदावर लिहून वाटायची सोय नव्हती, वाचणारेही नव्हते. झरीला ऐकलेला माणूस आपल्या पाड्यावर गेला आणि त्यानं तिथं सांगितलं, तिथून पुढच्या पाड्यावर. थोड्याच दिवसांत वेठ बंद पडू लागली, लग्नगडी सुटू लागले. शेकडो वर्षांचं जोखड उतरायला आधी एक सभा पुरली, हे आज खरं वाटत नाही.

पण सभेची ताकद जमीनदारांनाही कळली होती. ऑक्टोबरात गवतकापणीचा हंगाम आला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मजुरी द्या, अशी मागणी होती. त्या ताणातच निरोप फिरवला गेला, की तलवाड्याला गोदावरीबाई येणार आहेत, सगळ्यांनी या. निरोप खोटा होता. बाई तिथं येणारच नव्हत्या. दुसरीकडे पोलिसांना सांगितलं गेलं, की वारली हल्ला करायला जमत आहेत.

१० ऑक्टोबर १९४५. हजारो माणसं तलवाड्याला जमली आणि वाट पाहत बसली. पोलिसांनी गोळीबार केला. तरी लोक हटेनात, कारण बाई येणार असा त्यांचा विश्वास होता. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मारले गेले.

मी अनेक सभांना बोललो आहे. पाऊस आला तर श्रोते उठून जातात, चहाची वेळ झाली तर चुळबुळ करतात. तलवाड्याच्या त्या माणसांचा विचार मनात आला, की मला माझ्या टाळ्यांची लाज वाटते. न झालेल्या भाषणाची वाट पाहत ती माणसं गोळ्यांपुढं बसून राहिली. आपल्याबद्दल, आपल्या भाषेत, आपल्या बाजूनं कुणीतरी बोलणार आहे, याचं मोल त्यांना काय वाटत असेल?

गोदावरीबाईंनी हे सगळं पंचवीस वर्षांनी लिहून काढलं. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० मध्ये आलं, १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठी वाचकांनी ते आत्मकथनासारखं वाचलं, चळवळीचं पुस्तक म्हणून वाचलं. मला ते आता आणखी एका अर्थानं महत्त्वाचं वाटतं. ते ऐकून लिहिलेलं पुस्तक आहे. लिहिणाऱ्या बाई एक, पण आत बोलणारी माणसं कितीतरी. त्यांच्या राजकारणाशी सगळे सहमत होतील असं नाही, व्हायलाही नको. पण आशागडच्या म्हातारबाबांच्या प्रश्नाचं उत्तर ज्या पुस्तकात आहे, ते हे. ‘आमची माणसं कुठं होती?’ ती झरीला होती, तलवाड्याला होती.

ऐकण्यापासून सुरुवात करणारी आणखी दोन माणसं याच मुलखात होऊन गेली. तेही साल १९४५. ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढं हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत का येत नाहीत, याचं उत्तर त्यांनी मुलांमागं हिंडून शोधलं. मुलं गुरं राखायला जातात, मग शाळाच कुरणात न्यायची. तिचं नाव कुरणशाळा. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेनं मुलापर्यंत जायचं. इतिहासाच्या वक्त्यानंही हाच धडा गिरवायला हवा.

मी तो उशिरा गिरवला. वर्षभरानं मी पुन्हा आशागडला गेलो, तेव्हा मित्राला सांगितलं, की व्यासपीठ नको, खुर्च्या गोल मांडा. सोबत माझं पुस्तक नव्हतं, गोदावरीबाईंचं होतं. त्यातली झरीच्या परिषदेची हकिकत विद्यार्थ्यांनी आळीपाळीनं मोठ्यानं वाचली. एका पाड्याचं नाव वाचताना मुलगा अडखळला, मी सांगितलेला उच्चारही चुकला, आणि मागून तिघा-चौघांनी एकदम तो दुरुस्त केला. तिथून सभा माझ्या हातातून गेली आणि खऱ्या अर्थानं सुरू झाली. एका बाईंनी आपल्या आजेसासऱ्यांचं लग्न कसं झालं आणि त्यापायी किती वर्षं राबावं लागलं, ते सांगितलं. दुसऱ्या एकानं सांगितलं, की गोळीबाराची गोष्ट आमच्या घरात वेगळी सांगतात. दोन्हींत फरक होता. मी दोन्ही लिहून घेतल्या.

गेल्या वेळचे म्हातारबाबा मात्र आले नव्हते. चौकशी केली, तेव्हा कळलं, की ते पावसाळ्यात वारले.

मंडळी, हिशेब साधा आहे. १९४५ मध्ये दहा वर्षांचं असलेलं मूल आज नव्वदीत आहे. आजोबांच्या खांद्यावर बसून झरीला गेलेलं, किंवा आईच्या तोंडून तलवाड्याचं ऐकलेलं कुणी असेल, तर ते आत्ता बोलेल, नाहीतर बोलणार नाही. आणि मुलूख झपाट्यानं बदलतो आहे. १९६० मध्ये राज्याची वाटणी झाली, तेव्हा जुन्या उंबरगाव तालुक्यातली काही गावं गुजरातेत गेली आणि काही इकडं राहून तलासरी तालुका झाला. एकाच चळवळीचा इतिहास दोन राज्यांत वाटला गेला. २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. डहाणू तालुक्याच्या किनाऱ्यावर वाढवण बंदराची पायाभरणी २०२४ मध्ये झाली. त्याला मच्छीमारांचा विरोध आहे, समर्थकांचे मुद्दे आहेत, तो वाद आजचा विषय नाही. पण बंदर, महामार्ग, रेल्वेमार्ग आले, की पाड्यांची, शेतांची, खडकांची, मासे मिळण्याच्या जागांची नावं आधी जातात. नाव गेलं की त्याला चिकटलेली गोष्ट जाते. कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांकडे समुद्राच्या तळाचा जो नकाशा तोंडपाठ असतो, तो कुठल्याही गॅझेटिअरमध्ये नाही.

म्हणून एक सुचवावंसं वाटतं. १५ ऑक्टोबरला आपल्या शाळांत ‘वाचन प्रेरणा दिन’ असतो. तलवाड्याचा दिवस १० ऑक्टोबर. मध्ये फक्त पाच दिवस आहेत. या पाच दिवसांत डहाणू-तलासरीच्या शाळांनी आणि वाचनालयांनी एक कार्यक्रम करावा. बाहेरचा वक्ता बोलवा, जरूर बोलवा, पण त्याला अर्धाच वेळ द्या. उरलेला वेळ मागं बसलेल्यांना. मुलांनी वही घेऊन बसावं. कुणी सांगितलं, कुठल्या पाड्यावर, कोणत्या दिवशी, एवढं वर लिहावं आणि खाली जसं सांगितलं तसं, त्याच बोलीत. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे, विचारून आवाजही मुद्रित करता येईल. दोन माणसांच्या सांगण्यात फरक पडला तर घाबरू नये, दोन्ही ठेवावं. बखरी तरी कशा तयार झाल्या? आणि ती वही वाचनालयात ठेवावी, पाहुण्या लेखकाच्या पुस्तकाशेजारी.

हे फक्त डहाणूपुरतं नाही. तुम्ही रत्नागिरीत ऐकत असाल, अलिबागला असाल किंवा विदर्भातल्या एखाद्या गावात, प्रत्येक सभागृहात दाराजवळ बसणारी काही माणसं असतात. आपलं व्याख्यान संपल्यावर त्यांच्यातलं कुणी उठलं, तर आभारप्रदर्शन थोडं थांबवावं.

आशागडच्या शाळेत आता अशी एक वही आहे. दोनशे पानी, साधी, रेघांची. पहिल्या पानावर मुलांनी त्या म्हातारबाबांचा प्रश्न लिहून ठेवला आहे. त्याखाली पाड्यापाड्यांची उत्तरं यायला लागली आहेत. मी गेल्या वेळी पाहिली, तेव्हा सतरा पानं भरली होती.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)